पेढी आणि शीतगृहासाठी इंटरनेट : लीज लाइन, दोन फायबर की एअरफायबर?

हळदपेढी, मार्केट यार्ड, सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात आमची हळद आणि बेदाण्याची आडतपेढी असून तासगाव रस्त्याला गावाबाहेर आमचे शीतगृह आहे. वडिलांच्या काळी एक टेलिफोन, एक फॅक्स आणि दिवाणजींची वही एवढ्यावर पेढी चालत असे. आता सौदे आटोपले की हिशोबपट्ट्या, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, बँकेचे आरटीजीएस आणि परगावच्या व्यापाऱ्यांना मालाचे व्हिडिओ, हे सारे एकाच जोडणीवर अवलंबून असते. ती गेली की भरलेली गाडी बिलासाठी यार्डातच थांबून राहते, आणि तेवढ्या वेळात गाडीवाला, हमाल आणि माल मागवणारा व्यापारी अशा तिघांची समजूत आम्हालाच काढावी लागते.

सध्या पेढीवर स्थानिक ऑपरेटरचे १०० एमबीपीएसचे फायबर आहे. वेगाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मधूनच तासन्‌तास जोडणी बंद राहण्याबद्दल, विशेषतः पावसाळ्यात. शीतगृहापर्यंत फायबर आलेलेच नाही. तेथे सिमकार्डाच्या राउटरवर काम भागवतो, आणि सोळा कॅमेऱ्यांपैकी दोन-चार कॅमेरे मोबाइलवर कसेबसे उघडतात. शीतगृहातील कारकुनाला पेढीच्या संगणकावरील टॅली (हिशोबाचे सॉफ्टवेअर) उघडता यावी अशीही आमची गरज आहे.

एका मोठ्या कंपनीने लीज लाइनचे, म्हणजे फक्त आमच्यासाठी राखलेल्या जोडणीचे, दरपत्रक दिले असून ती रक्कम आमच्या सध्याच्या बिलाच्या दहापटींहून अधिक आहे. दुसरी कंपनी साधे व्यावसायिक ब्रॉडबँड देण्यास तयार आहे. शीतगृहासाठी कोणी एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून येणारे ५जी इंटरनेट, सुचवतो, तर कोणी उपग्रहाच्या इंटरनेटची वाट पाहा म्हणतो. येत्या चार-पाच वर्षांत छोट्या व्यवसायांचा कल कोणत्या बाजूला जाणार आहे, हे पाहून एकदाच नीट खर्च करावा असा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


नेटवर्कचे काम, कुपवाड

दरपत्रकात मोठ्या अक्षरांत एमबीपीएस छापलेले असते आणि ग्राहकही तेवढेच पाहतो, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. तुमच्या पेढीची सर्व बिले, बँकेचे व्यवहार आणि टॅली मिळून १० एमबीपीएससुद्धा सलग लागत नाहीत. तुम्ही विकत घ्यायला हव्यात त्या तीन गोष्टी : जोडणी कोणत्या रस्त्याने येते, अपलोड किती मिळतो आणि बिघाड झाल्यावर माणूस किती वेळात येतो. १०० चे २०० एमबीपीएस करून यांतील एकही गोष्ट सुधारणार नाही.

ब्रॉडबँड फायबर आणि लीज लाइन यांतील फरक समजून घ्या. आपल्याकडील बहुतेक फायबर जोडण्या जीपॉन पद्धतीच्या आहेत. तिच्यात एका पोर्टवर सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड असते आणि ती क्षमता स्प्लिटरमधून (एका फायबरच्या अनेक शाखा करणाऱ्या भागातून) ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटली जाते. सगळे एकाच वेळी भार टाकत नाहीत, म्हणूनच ती स्वस्तात देता येते. लीज लाइनमध्ये ठरलेली क्षमता फक्त तुमच्यासाठी राखलेली असते, अपलोड आणि डाउनलोड समान असतो, स्थिर सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) मिळतो आणि सेवेच्या अटी लेखी असतात. परंतु त्या अटी वाचताना आकडा वेळेत बदलून पाहावा. महिन्याला ९९.५ टक्के उपलब्धता म्हणजे तीस दिवसांत ३ तास ३६ मिनिटे सेवा बंद राहिली तरी कंपनीने करार मोडला असे होत नाही, आणि ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. मर्यादा ओलांडली गेल्यास सहसा भाड्यातील काही रक्कम वळती मिळते. थांबलेल्या गाडीचे भाडे कोणी देत नाही.

म्हणून पेढीसाठी माझे मत लीज लाइनपेक्षा दोन वेगवेगळ्या ब्रॉडबँड जोडण्या आणि त्या दोन्ही सांभाळणारा ड्युअल-वॅन राउटर असे आहे. गेल्या काही वर्षांत लहान व्यवसायांचा कलही याच दिशेने गेला आहे. फायबर स्वस्त झाल्यामुळे एका महाग जोडणीच्या भाड्याच्या काही भागात दोन साध्या जोडण्या घेता येतात, आणि एक बंद पडली की राउटर आपणहून दुसरीवर जातो.

आता कॅमेऱ्यांकडे वळतो, कारण तुमचे गणित खरे तेथे बिघडते आहे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच-२६५ या व्हिडिओ आकाराने लहान करण्याच्या पद्धतीने साधारण २ एमबीपीएस घेतो. सोळा कॅमेरे एकदम बाहेर पाठवायचे झाल्यास ३२ एमबीपीएस अपलोड अखंड हवा, आणि तो सिमकार्डाच्या राउटरवर मिळणे अवघड आहे. वेग मिळाला तरी डेटाची मर्यादा आड येते. २ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी आणि महिन्याला सुमारे ६५० जीबी वापरतो. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक फायबर योजनांची मर्यादा महिन्याला ३,३०० जीबी असते, आणि पाच कॅमेरे सतत क्लाउडवर पाठवले तर ती जवळजवळ संपते. एअरफायबरच्या अनेक योजनांत ही मर्यादा १,००० जीबी आहे. सोळा कॅमेरे ती तिसऱ्या दिवशीच संपवतील, आणि त्यानंतर वेग इतका खाली येतो की बिलसुद्धा निघत नाही. तेव्हा चित्रीकरण शीतगृहातील एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राच्या) हार्ड डिस्कवरच साठवा, मोबाइलवर पाहण्यासाठी कमी दर्जाचा सब-स्ट्रीम ठेवा आणि क्लाउडवर फक्त प्रवेशद्वार आणि वजनकाटा यांचे चित्रीकरण एवढेच पाठवा.

टॅलीबद्दल एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. आशिया-पॅसिफिक विभागातील जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला, त्यामुळे कंपन्या आता अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर बाहेरून तुमच्या संगणकापर्यंत थेट येता येत नाही. पेढीच्या जोडणीवर स्थिर आयपी मागून घ्या आणि शीतगृहातून व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेने) पेढीशी जोडा. त्यासाठी शीतगृहाला वेगळा स्थिर आयपी लागत नाही. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याचे) पोर्ट मात्र थेट इंटरनेटला उघडून ठेवू नका. ‘चालतंय की’ म्हणून तसे ठेवलेले संगणक खंडणीच्या व्हायरसने कुलूपबंद होताना मी पाहिले आहेत, आणि मग दिवाणजींची जुनी वही फार आठवते.


आयटी विभाग, शिरवळ एमआयडीसी

वरील उत्तर पेढीपुरते योग्य आहे, पण लीज लाइनला सरसकट जुनी ठरवू नये असे मला वाटते. आमच्या कारखान्यात पुण्याच्या कार्यालयाशी दिवसभर ईआरपी (कारखान्याच्या सर्व कामांचे एकत्रित सॉफ्टवेअर) चालते आणि मोठी रेखाचित्रे बाहेर पाठवावी लागतात. ब्रॉडबँडवर डाउनलोड भरपूर असूनही गर्दीच्या वेळी अपलोड आणि प्रतिसादाचा वेळ इतका खालीवर होई, की पडद्यावर अक्षर उमटायलाही वेळ लागे. लीज लाइन आल्यावर तो प्रश्न मिटला. आणखी एक फायदा असा, की बिघाडाची तक्रार ग्राहक केंद्राच्या रांगेत न जाता थेट नेटवर्क केंद्रात नोंदवली जाते.

बदल झाला आहे तो वेगळ्या ठिकाणी. पूर्वी अनेक शाखा असलेल्या कंपन्या प्रत्येक शाखेला एमपीएलएसची खासगी जोडणी घेत असत. आता मुख्य ठिकाणी लीज लाइन, शाखांना साधे फायबर किंवा ५जी, आणि त्या सर्वांवर एसडी-वॅन अशी रचना अधिक दिसते. कोणते काम कोणत्या जोडणीवरून जावे हे ती यंत्रणाच ठरवते. दोन ठिकाणांच्या पेढीला एसडी-वॅनची गरज नाही, कुपवाडच्या मित्रांनी सांगितलेला राउटर आणि व्हीपीएन पुरेसा आहे. परंतु उद्या तुम्ही निर्यात सुरू केली, सर्व्हर पेढीवरच ठेवला आणि दहा-पंधरा माणसे बाहेरून त्यावर काम करू लागली, तर २० किंवा ३० एमबीपीएसची लहान लीज लाइन आणि तिच्या पाठीशी एक ब्रॉडबँड, हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. दरपत्रक पाहताना शेवटचा टप्पा फायबरचा आहे की रेडिओचा, हे लेखी विचारावे. छपरावर रेडिओ लावूनही ‘लीज लाइन’ म्हणून दिली जाते; ती वाईट असतेच असे नाही, पण दोन्हींचे दर सारखे असू नयेत.


करसल्लागार, मिरज

तांत्रिक बाबी वर आल्या आहेत, मी फक्त गाडी अडण्याच्या मुद्द्यावर लिहितो. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यापाऱ्यांना व्यापाऱ्याला केलेल्या करपात्र विक्रीसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर सर्वांनाच द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपी) लागू झाली. त्यामुळे पेढीचे फायबर चालू असूनही मोबाइलला रेंज नसल्याने ओटीपी आला नाही आणि काम अडले, असा नवा प्रकार सुरू झाला आहे. त्यासाठी एनआयसी-जीएसटी-शील्ड हे ॲप मोबाइलवर नोंदवून ठेवा. त्यातील ओटीपी मोबाइलवरच तयार होतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. शीतगृहातील कारकुनासाठी स्वतंत्र उप-वापरकर्ता तयार करून त्याचा मोबाइल क्रमांक जोडा, म्हणजे मालकांच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही.

जोडणी पेढीच्या जीएसटी क्रमांकावरच घ्यावी. घरगुती योजना घरच्या नावावर घेऊन दुकानात वापरली तर १८ टक्के कराची वजावट हातची जाते आणि तक्रारीच्या वेळी ग्राहक कोण, यावरून वाद होतो तो वेगळाच.


निवृत्त दूरसंचार अभियंता, विश्रामबाग

दोन जोडण्या घ्याव्यात हे बरोबर आहे, पण त्या खरोखर दोन आहेत की कागदावर दोन आहेत, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या शहरात दोन वेगळ्या कंपन्यांच्या केबली एकाच विजेच्या खांबावरून, एकाच चौकातून, पुष्कळदा एकाच वेटोळ्यात बांधून आणलेल्या दिसतात. उंच भरलेला ऊस किंवा कडब्याची गाडी खालून गेली, की दोन्ही एकदमच तुटतात. पेढीपासून निघून दोन्ही केबली कोणत्या खांबांवरून जातात हे स्वतः चालत जाऊन पाहावे. शक्य असेल तर एक केबल पुढच्या रस्त्याने आणि दुसरी मागच्या बाजूने, किंवा एक हवेतून आणि दुसरी जमिनीखालून घ्यावी. यार्डाबाहेर पुढे जोडणी कोठून येते हे यानंतर पाहायचे. लहान ऑपरेटर स्वतःची क्षमता पुण्या-मुंबईकडून एखाद्या मोठ्या कंपनीकडून घेतो. तुमच्या दोन्ही कंपन्या वर जाऊन एकाच मोठ्या कंपनीवर अवलंबून असतील, तर साताऱ्याजवळ जेसीबीने एक फायबर तोडले की दोन्ही बंद. सातारा ते कागल महामार्गाच्या सहापदरीकरणात ठिकठिकाणी खोदकाम होते, तेव्हा ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. खोदणाऱ्याने आधी कळवावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आणि १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे (केबल टाकण्यासाठी जागा वापरण्याच्या हक्काचे) नवे नियमही लागू झाले. पण जेसीबीचा चालक ॲप पाहून खोदतो असे गृहीत धरू नये.

आपल्याकडे मिरज जंक्शनचा एक फायदा आहे. रेलटेल ही सरकारी कंपनी रेल्वेमार्गालगतच्या फायबरवरून सेवा देते. तो मार्ग महामार्गापासून बराच वेगळा असल्याने, तुमच्या भागात तिचा स्थानिक भागीदार असल्यास दुसऱ्या जोडणीसाठी अवश्य चौकशी करा. बीएसएनएलचे फायबरही याच कारणासाठी विचारात घ्यावे. वेगाच्या जाहिरातीत ते मागे असेल, पण त्याचा मार्ग बहुतेक वेळा स्वतःचा असतो. एकेकाळी त्याच खात्यात नोकरी केली म्हणून हे सांगत नाही, असे म्हटले तरी कोणी मानणार नाही.

विजेबद्दल सांगतो. जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असल्यामुळे घरातील वीज गेली तरी तो चालू राहायचा. फायबरमधून वीज येत नाही, म्हणून तुमच्या टोकाचा ओएनटी (फायबरचा सिग्नल राउटरला देणारी पेटी), राउटर आणि स्विच या तिन्हींना बॅकअप लागतो. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस ओएनटी आणि राउटर काही तास चालवतो आणि तो फार महागही नसतो. तुमच्याकडे सर्व दिवे लागलेले असूनही इंटरनेट नसेल, तर ऑपरेटरच्या चौकातील पेटीची बॅटरी संपली असे बहुधा समजावे. ऑपरेटर निवडताना एमबीपीएस विचारण्याआधी त्या पेटीला किती तासांचा बॅकअप आहे ते विचारा. या प्रश्नावर जो गडबडतो, त्याची जोडणी पावसाळ्यात टिकत नाही.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी चढू लागले की सखल भागातील वीज सुरक्षेसाठी बंद केली जाते, आणि त्या भागातील पेटीवर अवलंबून असलेली, पण स्वतः कोरड्या जागी असलेली कार्यालयेही अंधारात जातात. मार्केट यार्ड उंचावर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तुमचे फायबर जुन्या गावभागातून फिरून येते का, हे ऑपरेटरला नकाशावर दाखवायला सांगा.


हॉटेल व्यवसाय, पाचगणी

एअरफायबर आणि उपग्रह यांबद्दल आमच्या डोंगरावरचा अनुभव सांगतो. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले आणि २०२३ मध्ये त्यावर आधारित एअरफायबर आले. खांब आणि खोदकाम यांची गरज नसल्यामुळे जेथे फायबर आणणे परवडत नाही तेथे ते लवकर लागते. आमच्याकडे ते फायबरला जोड म्हणून उत्तम चालते. परंतु पर्यटकांची गर्दी झाली की तोच टॉवर सर्वांच्या मोबाइलमध्ये वाटला जातो आणि संध्याकाळी वेग पडतो. अपलोड तर डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. तुमच्या शीतगृहाभोवती एवढी गर्दी नसल्याने ते तेथे अधिक उपयोगी पडेल असे वाटते. उपकरण लावण्याआधी छपरावर जाऊन त्याच कंपनीच्या ५जी मोबाइलवर सकाळी, दुपारी आणि रात्री अपलोड मोजून घ्यावा. पत्र्याच्या आत मोजलेला वेग काही सांगत नाही.

उपग्रहाचे इंटरनेट कुतूहलाचे आहे खरे. जुने व्हीसॅट (छोट्या डिशवरचे उपग्रह-इंटरनेट) सुमारे ३६,००० किलोमीटरवरील उपग्रहावर चालत असल्याने प्रत्येक क्लिकला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे ती अडचण बरीच कमी होते. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, जुलैमध्ये इन-स्पेस या अंतराळ क्षेत्राच्या नियामक संस्थेची मान्यता मिळाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुर्गम भागांसाठी त्या कंपनीशी इरादापत्रही केले. त्यात गडचिरोली आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांवर भर आहे. तासगाव रस्त्यावर ५जी येत असताना कोणी उपग्रहाची वाट पाहत बसावे असे मला वाटत नाही. तो कोयनेच्या पलीकडच्या वाड्यांचा पर्याय आहे.


हळदपेढी, मार्केट यार्ड, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. अभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे केबलीमागे चालत गेलो. दुसऱ्या कंपनीची केबल आमच्या गल्लीत त्याच खांबावरून यायची होती. त्यांना मागच्या बाजूने आणण्याची विनंती केली असून थोडा जादा खर्च घेऊन ते तयार झाले आहेत. पेढीवर दोन ब्रॉडबँड, त्यांपैकी एकावर स्थिर आयपी, आणि शीतगृहावर एअरफायबर व जुने सिमकार्ड जोडीला, असे ठरवतो आहे. लीज लाइन तूर्त नको.

एकच शंका उरली आहे. दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापराव्यात असे विक्रेता म्हणतो, म्हणजे वेग दुप्पट होईल. तसे केल्यास बँकेच्या संकेतस्थळाला अडचण येते असे ऐकले, ते खरे का? आणि शीतगृहातील तापमान वाढल्याचा इशारा इंटरनेट बंद असतानाही कसा मिळेल?


नेटवर्कचे काम, कुपवाड

खरे आहे. दोन्ही जोडण्यांवर भार वाटला तर एकाच लॉगिनमधील काही मागण्या एका आयपीवरून आणि काही दुसऱ्यावरून जातात, आणि बँकेचे संकेतस्थळ संशय घेऊन बाहेर काढते. म्हणून राउटरमध्ये भारवाटप बंद ठेवून मुख्य आणि राखीव अशी मांडणी करा. भारवाटप हवेच असेल, तर बँक आणि जीएसटीची संकेतस्थळे एकाच जोडणीला बांधून टाका, आणि ती जोडणी बंद पडली तरच दुसरीवर जातील असा नियम लावा.

राउटरच्या सेटिंगच्या त्याच पानावर आणखी एक सेटिंग आहे आणि बहुतेक जण ती तशीच सोडून देतात. जोडणी चालू आहे की नाही हे राउटरने केवळ तारेतील सिग्नलवरून ठरवू नये. चौकापुढे फायबर तुटले तरी ओएनटी आणि राउटर यांच्यामधील तार जिवंतच असते, त्यामुळे राउटर जोडणी चांगली आहे असे समजून बसतो आणि दुसरीवर जातच नाही. ८.८.८.८ आणि १.१.१.१ अशा दोन बाहेरच्या पत्त्यांना दर काही सेकंदांनी पिंग करून (उत्तर मिळते का ते तपासून), दोन्हींकडून उत्तर आले नाही तरच बदल करावा, असे ठरवून द्या. बसवून झाल्यावर विक्रेत्याला ओएनटीची फायबरची तार काढून दाखवायला सांगा, राउटरची नव्हे.

तापमानाच्या इशाऱ्यासाठी इंटरनेटवर अजिबात विसंबू नका. जीएसएम मॉड्यूल असलेला अलार्म घ्या. तो साध्या सिमकार्डावरून एसएमएस पाठवतो आणि फोनही करतो. त्यातील सिम एअरफायबरच्या कंपनीचे नको, दुसऱ्या कंपनीचे घ्या, आणि अलार्मला कॉम्प्रेसरच्या पॅनेलपासून वेगळी बॅटरी द्या, कारण वीज गेल्यावरच त्याचे काम सुरू होणार आहे.